एका पेटीचे परवाने

1838 ची दिवाळी होऊन महिना उलटलाय. थळ घाटाची उतरण लागली आहे आणि तुम्ही लदणीच्या बैलांमागून चालताय. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, कमरेच्या कातडी बटव्यात मेणकापडात गुंडाळलेला एक कागद. काळाच्या प्रवासात वेष बदलावा लागतो. या मुक्कामी तुम्ही इंदूरच्या एका सराफी पेढीवरचे उमेदवार गुमास्ते आहात. वाटेत बैल मेला तर शेठ दुसरा घेतील, हमाल पळाला तर दुसरा भेटेल. हा कागद गेला तर मात्र बैलांच्या पाठीवरचा सगळा माल मुंबईत शिरताच चोरीचा ठरेल.

माल म्हणजे अफू. बैलाच्या दोन्ही अंगांना एकेक पेटी, पेटीचं वजन सुमारे 140 पौंड, म्हणजे आजच्या हिशेबाने 63 किलोच्या आसपास. माळव्यात होळकर, शिंदे आणि आजूबाजूच्या संस्थानांच्या मुलखात फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडांना चीर देऊन चीक खरवडला गेला. तो वाळून कडक होऊ नये म्हणून जवसाच्या तेलात ठेवला, मग गोळे वळून खसखशीच्या वाळल्या पाल्याच्या भुग्यात घोळले. पावसाळाभर गोदामात वाळले आणि आता निघाले. एका पेटीची फळी सैल झाली आहे. तुम्ही वाकून नाक लावता. ओल्या गवताचा, थोडा गोडसर, जड वास येतो, त्यात तेलाचा खवट भपकारा. "लांब हो रे पोरा," म्हातारे मुनीम ओरडतात, "डोकं धरेल!"

घाटाखाली मुक्काम पडतो. शेकोटीशी मुनीम कागद मागून घेतात, उलगडतात, पुन्हा घडी घालतात. दर मुक्कामी ते हे करतात. कागदावर मजकूर थोडा. पेट्या किती, माल कोणाचा, कंपनी सरकारचा पास घेतला, पेटीमागे 125 रुपये भरले. जिथे ही अफू उतरणार आहे तिथल्या सरकारला ती हवी आहे का, याबद्दल एक अक्षर नाही. चीनमध्ये चिलमीतून ओढायच्या अफूची विक्री 1729 पासून बंद आहे, आयातीवरची बंदीही चाळीस वर्षांची झाली. मुनिमांना हे ठाऊक आहे, शेठना ठाऊक आहे, पास देणाऱ्या इंदूरच्या साहेबाला तर नक्कीच ठाऊक आहे.

"सव्वाशेच का? शंभर का नाही, दोनशे का नाही?" तुम्ही विचारता.

मुनीम हसतात. इतका चांगला प्रश्न त्यांना उमेदवाराने कधी विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या प्रवासातला हाच सर्वांत मोलाचा धडा आहे, म्हणून शेकोटीशी जरा जास्त वेळ बसा.

कंपनीचा खरा जीव बंगालच्या अफूत. पाटणा आणि बनारसकडे शेतकऱ्याने कंपनीसाठीच पिकवायचं, कंपनीलाच विकायचं, आणि कंपनीने कलकत्त्यात लिलाव करायचा. माळवा मात्र संस्थानिकांचा. तिथे कंपनीचा हुकूम शेतापर्यंत पोचत नाही. आधी कंपनीने मुंबईतून माळव्याचा माल जाऊच द्यायचा नाही असं ठरवलं. मग स्वतःच सगळा माल विकत घेऊन टाकायचा घाट घातला. दोन्ही फसले, कारण बैलांना आणि उंटांना कंपनीची सरहद्द कळत नाही. माल पालीवरून जैसलमेरकडे, तिथून वाळवंट तुडवत सिंधमध्ये कराचीला, कराचीहून गलबताने दमणला. दमण पोर्तुगीजांचं. तिथे कंपनीचं काही चालत नाही, पोर्तुगीजांना जकात मिळते, आणि गोव्याच्या रोजेरिओ द फारियासारखे व्यापारी पुढची जहाजं तयार ठेवतात.

"म्हणून मग कंपनीने हार मानली आणि पास काढला," मुनीम बोटांवर हिशेब करतात. "पहिल्यांदा 175 रुपये ठेवला. आम्ही काय केलं? वाळवंटाचं उंटभाडं, सिंधच्या अमीरांची जकात, गलबताचं नूर, दमणची दस्तुरी, वाटेतली लूट, सगळं जोडलं. त्यापेक्षा पास महाग वाटला तर उंट दमणकडे, स्वस्त वाटला तर बैल मुंबईकडे. तीन वर्षांमागे साहेबाने तो सव्वाशेवर आणला. आता तू मुंबईकडे चालतोयस ना? तेवढ्यासाठी."

म्हणजे कराचा आकडा सरकार ठरवत नव्हतं, चोरवाट ठरवत होती. पाच वर्षांनी, 1843 मध्ये, इंग्रज सिंध जिंकतात आणि कराचीची वाट बंद होते. त्याच वर्षी पास 200 रुपयांवर जातो, 1845 मध्ये 300, 1847 मध्ये 400. अफू तीच, बैलही तेच, फक्त पळायला जागा उरलेली नाही. पुढे जिथे जिथे कोणी तुम्हाला अर्थशास्त्राच्या भारी शब्दांत तस्करी समजावून सांगेल, तिथे हा म्हातारा आठवा; त्याने बोटांच्या पेरांवर ती केव्हाच उकलली होती.

मुंबईत कामं झटपट होतात. कोटातल्या गोदामात पेट्या उतरतात, मोजल्या जातात, पास ताडला जातो, मोहोर उठते. साहेब वजनाच्या फरकावरून दोनदा भुवया उंचावतो, पुढे काही नाही. इथे सरकारला दोनच गोष्टी कळायला हव्यात: पैसे भरले का, आणि भरले तितकाच माल आहे का. ज्यांच्या जहाजांवर असा माल चढतो त्या मुंबईकर शेठांत जमशेटजी जीजीभाई सर्वांत मोठे. अजून जे. जे. रुग्णालय नाही आणि माहीमचा कॉजवेही नाही. दोन्ही यायला सात वर्षं आहेत. त्या बांधकामांच्या पायात या पेट्यांचा पैसा आहे, हे मुंबईकराने नाकारू नये आणि फार मिरवूही नये.

ईशान्येचा वारा अंगावर घेत चालणारी क्लिपर जहाजं आल्यापासून मोसमाची वाट पाहावी लागत नाही. तुमची पेटी जानेवारीत निघते, तुम्हीही निघता, आणि मार्च 1839 लागता लागता पर्ल नदीच्या मुखाशी लिंटिन बेटाजवळ पोचता.

इथली रीत अजब आहे. बेटाच्या आडोशाला जुनी, मोठी जहाजं नांगरून ठेवली आहेत. ती कुठे जात नाहीत, तरंगती गोदामंच ती. चिनी दलालाने आत, कॅन्टनमध्ये, चांदी मोजायची आणि चिठ्ठी घ्यायची. ती चिठ्ठी इथे दाखवून माल उचलायचा. पेट्या फोडून गोळे पोत्यांत भरायचे आणि पन्नासेक वल्ह्यांच्या चपळ नावांतून खाड्यांमध्ये पसार व्हायचं. इंग्रज व्यापारी शपथेवर सांगू शकतो की मी चीनच्या भूमीवर एक गोळाही उतरवला नाही. खरंच आहे, उतरवणारा दुसराच. निर्यात कायदेशीर, आयात बेकायदा, आणि मधल्या दोन-चार मैल पाण्यावर कोणाचाच कागद चालत नाही.

या वर्षी मात्र नावा येत नाहीत. किनाऱ्यावर धरपकड चालू आहे, गोदामजहाजं तुंबली आहेत, खलाशी कंटाळून पत्ते कुटताहेत. 10 मार्चला बादशहाचा खास अधिकारी लिन झेशू कॅन्टनमध्ये येतो. आठवड्याभरानंतर हुकूम: असेल नसेल ती सगळी अफू हवाली करा. परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारींना वेढा पडतो, नोकरचाकर निघून जातात, शेठलोक स्वतः भात शिजवायला शिकतात. शेवटी इंग्रजांचे व्यापार अधीक्षक कॅप्टन चार्ल्स इलियट सगळा माल आपल्या सरकारच्या नावे ताब्यात घेऊन चिन्यांना देतात. 20,283 पेट्या. त्यात तुमची एक.

3 जून, पर्ल नदीकाठचं हुमेन. गर्दीत मागे उभे राहा, दिसेल. जमिनीत मोठी आयताकृती तळी खणली आहेत, माणूस बुडेल इतकी खोल, तळाला फरसबंदी. आधी पाणी आणि मीठ. मग पेट्या एकेक करून पुढे येतात. कारकून झाकण उघडवतो, आतला माल मोजतो, यादीतल्या नोंदीशी ताडतो आणि मगच पुढे जाऊ देतो. थळ घाटातला तो वास इथे हजारपट होऊन येतो. गोळे फोडून पाण्यात, वर कळीचा चुना. तळं खदखदायला लागतं, माणसं फळ्यांवर उभी राहून फावड्यांनी ढवळतात. भरती ओसरली की दार उघडून काळा रबडा खाडीत सोडायचा. काम करणाऱ्यांची बाहेर पडताना झडती होते, कारण काखेतून नेलेला एक गोळासुद्धा पैसा आहे. 23 दिवस हे चालतं. लिनने आधी समुद्राच्या देवतेची प्रार्थना करून माफी मागितली आहे.

मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला खरा विचारवंत हा लिनच, आणि तो फक्त नष्ट करणारा नव्हता. त्याने राणी व्हिक्टोरियाला एक पत्र लिहिलं. गाभा साधा: या वस्तूने नुकसान होतं हे तुम्ही जाणता, आमच्याकडे ती बंद आहे, तर तुमच्या ताब्यातल्या मुलखातून ती पाठवणंच बंद करा. म्हणजे घेणाऱ्याने दार लावणं पुरेसं नाही, पाठवणाऱ्यानेही हात आवरायला हवा. कंपनीच्या पासमध्ये नेमका हाच प्रश्न गाळलेला होता.

उत्तर ब्रिटिश आरमाराने दिलं. 1842 च्या नानजिंगच्या तहात चीनने हाँगकाँग दिलं आणि 2 कोटी 10 लाख डॉलर कबूल केले, त्यातले 60 लाख त्या चुन्यात गेलेल्या अफूचे. 1858 मध्ये दर पिकुलला (साधारण एका पेटीला) 30 ताएल चांदी इतकी जकात लावून चीनला अफू कायदेशीर करावी लागली. पुढची पन्नास वर्षं आपण वेगाने ओलांडू. त्यात लढाया आहेत, पासचे चढते दर आहेत, आणि हिंदुस्थान सरकारच्या महसुलातला सहावा-सातवा हिस्सा अफूतून येतोय, एवढं कळलं की पुरे. ज्या सरकारचा रोजखर्च एखाद्या मालावर चालतो, त्या सरकारकडून त्या मालावर नियंत्रणाची अपेक्षा किती करायची?

तरी वारं फिरलं. 1907 मध्ये ठरलं की चीनने आपली लागवड घटवायची आणि भारताने निर्यात दरवर्षी दहावा हिस्सा कमी करत न्यायची. 1909 मध्ये शांघायला 13 देश बसले, 1912 मध्ये हेगला करार झाला. त्या करारात एक कलम आहे: ज्या देशाने कच्च्या अफूच्या आयातीला बंदी केली असेल, तिथे ती जाणार नाही याची तजवीज निर्यात करणाऱ्या देशाने करायची. लिनच्या पत्रातलं मागणं, 73 वर्षं उशिरा. 1913 मध्ये भारतातून चीनसाठीची विक्री थांबली.

आता फेब्रुवारी 1925, जिनिव्हा. बाहेर बर्फ, आत सिगारेटचा धूर. तुम्ही राष्ट्रसंघाच्या परिषदेत कागद वाटणारे कारकून आहात. भाषणांकडे फार लक्ष देऊ नका. अमेरिकेचं शिष्टमंडळ रागावून उठून गेलंय, पाठोपाठ चीनचंही. ज्याच्या तक्रारीतून हे सगळं सुरू झालं तोच देश सह्यांच्या वेळी खोलीत नाही. तुम्ही हातातल्या मसुद्याकडे बघा, कारण खरं काम तिथे आहे. ब्रिटनच्या गृह खात्यातले सर माल्कम डेलेविन त्यातल्या परवान्यांच्या पद्धतीच्या मागे कित्येक वर्षं लागलेले. कंटाळवाणा मजकूर. पण तोंडात घोळवून बघा.

समजा एका देशातल्या औषध कारखान्याला मॉर्फिन हवंय. आधी त्याने आपल्या सरकारकडून आयात प्रमाणपत्र घ्यायचं: अमक्याला, इतका माल, आमच्या परवानगीने. ते प्रमाणपत्र विकणाऱ्याकडे जाईल. विकणारा ते आपल्या सरकारपुढे ठेवेल, तेव्हाच त्याला निर्यात परवाना मिळेल. परवान्याची एक प्रत मालाबरोबर जाईल. दुसरी प्रत निर्यात करणारं सरकार थेट आयात करणाऱ्या सरकारला पाठवेल, व्यापाऱ्याच्या हाती नाही. माल पोचला की आयात करणारं सरकार त्यावर प्रत्यक्षात किती आला ते लिहून ती परत करेल. वाटेत तिसऱ्या देशात माल वळवायचा असेल तर त्याही सरकारचा कागद लागेल. आणि या सगळ्याचे आकडे एका मध्यवर्ती मंडळाकडे जमतील, म्हणजे एखादा छोटा देश अचानक सगळ्या शेजाऱ्यांना पुरेल इतकं मॉर्फिन मागवू लागला तर कोणीतरी भुवई उंचावेल.

1838 च्या कागदावर एकाच सरकारची मोहोर होती आणि ती पैसे मिळाल्याची होती. इथे दोन मोहोरा लागतात, आणि त्या एकमेकींना तपासतात. लिंटिनजवळचं ते दोन-चार मैल पाणी पहिल्यांदा कागदावर आलं.

म्हणून चोऱ्या थांबल्या असं समजू नका. रसायनतज्ज्ञ उंटवाल्यांहून कमी हुशार नसतात. करारात हेरॉइन होतं, मॉर्फिन होतं. मग काही कारखान्यांनी मॉर्फिनला दुसरंच आम्ल जोडून यादीत नाव नसलेले पदार्थ तयार केले, बिनदिक्कत निर्यात केले आणि पलीकडे पुन्हा मॉर्फिन काढून घेतलं. ती फट बुजवायला 1931 चा नवा करार लागला. युरोपात परवाने कडक झाले तसे कारखाने इस्तंबूलला सरकले, कारण तुर्कस्तान तेव्हा करारात नव्हता. दमण नावाचं गाव बदललं, एवढंच.

एप्रिल महिना, नीमच. आता वर्तमानकाळ. तुम्ही अफू तोलायच्या रांगेत आहात, डोक्यावर ओला पंचा, पुढे स्टीलचं भांडं कापडाने बांधलेलं. तोच माळवा. पण इथे शेतकऱ्याकडे केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचा पट्टा असतो. कोणी किती जमिनीत पीक घ्यायचं ते त्यात ठरलेलं, आणि चीक सगळाच्या सगळा सरकारला. ब्यूरोचं मुख्यालय ग्वाल्हेरला, अफू आणि अल्कलॉइडचे सरकारी कारखाने इथे नीमचला आणि गंगेकाठी गाझीपूरला. मालातून हेक्टरी ठरलेल्या उताऱ्यापेक्षा कमी मॉर्फिन निघालं तर पुढच्या वर्षी पट्टा धोक्यात. शेजारचा शेतकरी पोपटांना शिव्या घालतोय: बोंडं फोडून खातात, जाळी लावली तरी आत घुसतात, आणि साहेब पोपटाचा हिशेब धरत नाही. त्याच्या भांड्यात काडी घालून चीक वर ओढला जातो, दाटपणा बघितला जातो, वजन पुकारलं जातं. तो वाकून आकडा स्वतः वाचतो. विश्वास कोणाचाच कोणावर नाही, आणि पद्धत चालते ती त्यामुळेच.

इथून अफू औषधांसाठी परदेशी जाते. 1961 च्या करारानेही जिनिव्हाची ती दोन मोहोरांची पद्धत जशीच्या तशी ठेवली. अमेरिकेने तर 1981 मध्ये नियमच केला की अशा कच्च्या मालाची किमान 80 टक्के आयात भारत आणि तुर्कस्तान या दोनच देशांतून करायची. पूर्वी करारात नसलेला तुर्कस्तान आता भारताच्या मांडीला मांडी लावून बसलाय.

शेवटचा मुक्काम, न्हावा शेवा बंदराशी काम असणाऱ्या एका निर्यातदाराचं ऑफिस. तुम्ही डॉक्युमेंटेशनचं काम बघता. वातानुकूलित खोली, कॅलेंडर, चहाचे कागदी कप. या खेपेला माल अफू नाही, ॲसिटिक अनहायड्राइडचे ड्रम आहेत. झाकण जरा सैल असेल तर व्हिनेगरचा तिखट वास डोळ्यांत पाणी आणतो. भारतात हे रसायन उसाच्या मळीपासून केलेल्या अल्कोहोलातूनही बनतं, ॲस्पिरिनला लागतं, सिगारेटच्या फिल्टरच्या धाग्याला लागतं. मॉर्फिनचं हेरॉइन करायलाही हेच लागतं. म्हणून ग्वाल्हेरहून ना-हरकत प्रमाणपत्र आल्याशिवाय कंटेनरला सील लागत नाही, आणि माल निघण्याआधी ज्या देशात तो जाणार त्या देशाच्या सरकारला कळवावं लागतं. 2006 पासून हे कळवणं व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय नार्कोटिक्स नियंत्रण मंडळाच्या ऑनलाइन प्रणालीतून चालतं.

तुमच्या साहेबांचा फोन सकाळपासून तिसऱ्यांदा आलाय. "काय म्हणतायत तिकडचे?" तुम्ही ग्वाल्हेरला विचारता. तिकडचे काहीच म्हणत नाहीत. पलीकडच्या देशात त्या खुर्चीवर कोणी नेमलेलंच नसेल, किंवा असेल आणि त्याला पासवर्ड आठवत नसेल. प्रणालीचा शिरस्ता असा की कळवलं, दिलेली मुदत गेली आणि हरकत आली नाही, तर माल सोडायला हरकत नाही. मुदत गुरुवारी संपते. शुक्रवारी सकाळी साहेब विचारतात, "मग, लावू का ट्रक?" तुम्ही ग्वाल्हेरकडून पुन्हा एकदा तपासून घेता. पलीकडच्या सरकारचा रकाना कोरा आहे, आणि कोरा रकाना नियमाप्रमाणे होकार आहे.

"लावा," तुम्ही म्हणता.